टॉवर गेला, पाण्यातला राहिला

(नौपाड्यात आमच्या फोटोवाल्या मंडळींच्या महिन्याच्या बैठकीत बोललो ते, थोडं नीटनेटकं करून.)

नमस्कार मंडळी. आज मुद्दामच स्लाइड्स आणलेल्या नाहीत, कारण स्लाइड लागली की तुम्ही फोटो बघत बसणार आणि माझं कोण ऐकणार. बोलायचंय ते लँडस्केपचे फोटो चारचौघांत दाखवण्याबद्दल, आणि मग आपल्यातल्याच फोटोवाल्यांकडून जे ऐकून घ्यावं लागतं त्याबद्दल.

स्वतःपासूनच सुरुवात करतो. ऐरोलीच्या बाजूची ठाण्याची खाडी, पहाट, ओहोटी, चिखलात फ्लेमिंगो आणि बरोबर मधोमध हाय टेन्शनचा टॉवर. खाडीवर जाणाऱ्यांना माहितीये, कुठेही उभे राहा एखादा टॉवर फ्रेममध्ये घुसतोच. २०२२ मध्ये आपली खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, पण टॉवर काही हलले नाहीत. तर मी घरी येऊन रात्री दोनपर्यंत बसून तो टॉवर पुसला, तारा पुसल्या, पक्ष्यांचा गुलाबी जरा वर ढकलला आणि पुढच्या बैठकीत ह्याच भिंतीवर फोटो लावला. वा वा झालं, क्या बात है झालं. मग मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, "अरे, टॉवर कुठे गेला? पाण्यात तर दिसतोय."

प्रतिबिंब पुसायचं राहिलं होतं! चिखलावरच्या पातळ पाण्यात टॉवर मस्त उलटा उभा, आणि वर आकाश मोकळं. सगळे हसले, मीपण हसलो, पण आतून जे काय होतं ते इथे प्रत्येकाने कधी ना कधी भोगलंय. काका तेवढ्यावर थांबले नाहीत. "आणि सगळेच गुलाबी कसे रे? पिल्लं राखाडी असतात." हेही बरोबर होतं, कारण फ्लेमिंगोचा रंग त्याच्या खाण्यातून येतो, शेवाळातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यामुळे, तो अंगावर चढायला वेळ लागतो आणि तोपर्यंत लहान पक्षी मळकट पांढरे-राखाडीच दिसतात. मी त्यांना एका स्लायडरने मोठं करून टाकलं होतं.

मग मी फुगून बसलो. आणि माणूस फुगला की पुरावे शोधतो, तसा मला अमेरिकेतला नावाजलेला लँडस्केप फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स सापडला. १९४४ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळून सिएरा नेवाडाची हिवाळ्यातली पहाट टिपली. तिथल्या शाळेच्या पोरांनी डोंगरउतारावर पांढऱ्या दगडांची 'एल पी' अशी मोठी अक्षरं मांडलेली, ती फोटोत आली होती, तर साहेबांनी ती चक्क घालवली. लोकांनी नावं ठेवली. त्याचं म्हणणं साधारण असं की तो डाग जपून ठेवण्याएवढा मी सोवळा नाही. झालं, मला काय, सुप्रीम कोर्टाचा निकालच मिळाला, पुढच्या बैठकीत काकांना ऐकवला. ते म्हणाले, "त्याने निदान नीट पुसलं होतं."

त्या दिवशी चहा घेताना कळलं की हा माणूस कित्येक वर्षं दुर्बीण घेऊन खाडीवर जातोय, भरती-ओहोटीचं वेळापत्रक शर्टाच्या खिशात, कॅमेरा साधाच. तेव्हा माझ्या डोक्यात जरा प्रकाश पडला. आपल्याला मिळणाऱ्या बऱ्याचशा कमेंट फोटो न बघताही देता येतात. "रूल ऑफ थर्ड्स पाळला नाहीस", "फोरग्राउंड इंटरेस्ट नाही", "लेन्स कुठली?" थर्ड्सचं, म्हणजे फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय त्या रेघांवर ठेवायच्या नियमाचं, हे नाव जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रजाने १७९७ मध्ये छापलं, तेही चित्रांबद्दल बोलताना, आणि आपण ते कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या रेघांएवढं पक्कं करून बसलोय. नियम वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण तो सांगणाऱ्याला खाडीवर जावं लागत नाही. काकांना चिखलात उभं राहावं लागलं होतं. म्हणून त्यांचं बोलणं जास्त झोंबलं आणि कामाला पण तेच आलं.

आणि खरं सांगू, तसलं बोलणं मिळवणं थोडं आपल्याच हातात असतं. "कसा वाटला?" विचारलं की "छान" मिळतं, विषय संपला. मी हल्ली विचारतो, तुम्ही तिथे गेलायत का, आणि तिथे असंच दिसतं का? मागच्या पावसाळ्यात येऊरच्या जंगलाचा फोटो असा दाखवला, तर येऊरलाच राहणारा एक मुलगा म्हणाला, दादा हे आमचं जंगल नाही, स्वित्झर्लंड आहे. बघितलं तर खरंच, मी हिरव्यातला पिवळा काढून टाकला होता, आणि आपल्याकडच्या पावसाळी हिरव्यात पिवळा भरपूर असतो. शिवाय रात्री अंधारात मोबाईलचा ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलेलं, त्यामुळे प्रिंट काढली तर ती काळीकुट्ट. ही चूक नियमवाल्यांनी पकडली असती, पण पिवळ्याची नसती.

आता उलटी बाजू, जी सांगायला मला आवडत नाही. दोनेक वर्षांपूर्वी एका नव्या मुलीने उपवन तलावाचा संध्याकाळचा फोटो लावला होता. मी तोंड उघडलं ते डायरेक्ट "होरायझन वाकडा आहे" म्हणून, सगळ्यांसमोर. होता वाकडा, दोन डिग्री असेल, दहा सेकंदांचं काम. पण ती नंतर कितीतरी महिने फोटो घेऊन आलीच नाही, आणि मी तिला हेसुद्धा विचारलं नव्हतं की तलावाच्या त्या कोपऱ्यात तुला काय दिसलं म्हणून तू थांबलीस. ते मला खूप नंतर कळलं, तिचे आजोबा रोज त्याच कट्ट्यावर बसायचे. फोटोत कट्टा रिकामा होता. मी रेघ मोजत होतो.

आज ती आलीये, नाव घेत नाही, नाहीतर परत यायची नाही. तिचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लागलेला आहे. तिचा फोटो लागला की मी गप्प बसणार आहे, तुम्ही पण एक मिनिट बसा, फक्त बघा. पण त्याच्या आधी एक माझा आहे. दिवे घालवा रे कुणीतरी. ऐरोलीच, तीच जागा, ह्यावेळी टॉवर वर पण आहे आणि पाण्यात पण आहे. काका, तारा मोजून घ्या.