चरबी घटवताना बार हलका का करू नये

मंडळी, ‘कटिंग’ म्हणजे चरबी घटवण्याचा टप्पा. ‘कटिंग सुरू केलंय’ असं कुणी म्हणालं की दुसऱ्याच दिवशी त्याच्या व्यायामात दोन बदल दिसतात. शंभर किलोचा स्क्वॉट (वजनांचा बार खांद्यावर घेऊन उठबशी) मारणारा गडी साठवर येतो आणि वीस-वीस रेप्स (आवर्तनं) काढायला लागतो. ट्रेडमिलवरचा वेळ मात्र दुप्पट. का, तर म्हणे हलक्या वजनाने ‘कट्स’, म्हणजे स्नायूंच्या रेषा, उठून येतात! मला हे अगदी उलटं वाटतं. खाणं कमी केलंत की बार जड राहणं जास्तच गरजेचं होतं.

शरीराला रोज लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा मिळाली की ते साठ्याला हात घालतं. त्यात चरबी जाते, आणि जपलं नाही तर स्नायूही जातो. स्नायू अजून कामाचा आहे, हे शरीराला कळतं ते त्याच्यावर पडणाऱ्या ताणातून. पाच रेप्सच्या जड सेटमधली (सलग काढलेल्या रेप्समधली) शेवटची रेप आठवा. बार खालून निघतो, मध्येच रेंगाळतो, क्षणभर वाटतं गेला, आणि मग वर येतो. त्या रेंगाळण्यात जो ताण असतो, तो स्नायू टिकवतो. सेट संपल्यावर किती घाम आला, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. म्हणून वेट्सकडून, म्हणजे वजनांच्या व्यायामाकडून, कॅलरी जाळण्याची अपेक्षाच ठेवू नका. चरबी घटवण्याचं मुख्य काम ताटात होतं.

मग कार्डिओ, म्हणजे धावणं-सायकलिंगसारखा दमाचा व्यायाम, कशाला? हिशेब बघा. धावताना साधारण दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते. ८० किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला तर ४०० कॅलरी. एक किलो चरबीत ७,७०० च्या आसपास. म्हणजे नुसतं धावून एक किलो चरबी घालवायची तर शंभरेक किलोमीटर झाले! कार्डिओ हृदयासाठी, दमासाठी उत्तमच आहे. चरबीच्या बाबतीत तो हातभार लावतो, इतकंच.

पण वेट्स आणि कार्डिओ एकत्र केलं तर ताकद मार खाते, ही भीती कुठून आली? १९८० मध्ये संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट फक्त वेट्स करणारा, एक फक्त दमाचा व्यायाम करणारा, तिसरा दोन्ही करणारा. दहा आठवडे. तिसऱ्या गटाची ताकद आधी छान वाढली, सातव्या-आठव्या आठवड्यानंतर थबकली आणि शेवटी घसरली. दम मात्र वाढतच होता. पण त्यांचं वेळापत्रक बघा: आठवड्यात पाच दिवस वेट्स आणि सहा दिवस जोरदार सायकलिंग किंवा धावणं. एवढं केल्यावर कोण थकणार नाही? पुढच्या अभ्यासांतून चित्र बरंच सौम्य झालं. माफक कार्डिओने स्नायूंची वाढ किंवा ताकद फारशी अडत नाही. झटक्याच्या (उडी मारताना लागते तशा) ताकदीला थोडा फटका बसू शकतो, विशेषतः दोन्ही एकाच सत्रात उरकलं तर.

तेव्हा जमलं तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा, सकाळी एक, संध्याकाळी एक. नाहीच जमलं तर आधी वेट्स. दमलेल्या पायांनी डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलायला) जाऊ नका. पायांच्या दिवसाला लागून लांब धावणंही नको. धावताना प्रत्येक पावलाला धक्का बसतो, स्नायू दुखावतात. सायकल त्या मानाने सोसते. आणि चालणं! जिममधल्या लोकांना ते कमीपणाचं वाटतं, पण रोजचं भरभर चालणं कॅलरी खर्च करतं आणि दुसऱ्या दिवशीचा स्क्वॉट बिघडवत नाही. कटिंगमध्ये मी त्यालाच पहिली पसंती देईन.

प्रोटीनचं थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांच्या आहारातली ऊर्जा ४० टक्क्यांनी कमी केली आणि चार आठवडे वेट्स व तीव्र कार्डिओ असा कडक व्यायाम करून घेतला. शरीराच्या दर किलो वजनामागे २.४ ग्रॅम प्रोटीन घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन चक्क सव्वा किलोच्या आसपास वाढलं; १.२ ग्रॅमवाल्यांचं होतं तेवढंच राहिलं. एवढी मोठी कपात महिनोन्महिने करायची नसते, हेही लक्षात ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

वजनकाट्यावर फार विसंबू नका. पहिल्या आठवड्यात आकडा धाडकन उतरतो, त्यात ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) आणि त्याच्याबरोबरचं पाणीच बरंच असतं. त्यापेक्षा वही ठेवा: कमरेचं माप आणि स्क्वॉट, डेडलिफ्टसारख्या मुख्य लिफ्टचे आकडे. कंबर कमी होतेय आणि स्क्वॉट जागेवर आहे, तर काही बदलू नका. एखादा दिवस वाईट गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण सगळ्याच लिफ्ट दोन-तीन आठवडे उतरत असतील तर आधी जोरदार इंटर्व्हल (थांबून-थांबून केलेला तीव्र कार्डिओ) काढून त्याजागी चालणं घाला. तरी उतरत असतील तर सेट कमी करा, बारवरच्या प्लेट काढू नका. त्यानंतरही घसरण थांबली नाही, तर तुम्ही फारच कमी खाताय किंवा झोपत नाही आहात. तिथे खाणं थोडं वाढवायचं आणि आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास घट पुरेशी मानायची.