सोळा की एक? 'कंचेभागुबेव'मधला विसरलेला 'चे'

[पडद्यावर: ८ ÷ २(२ + २) = ?]

नमस्कार मंडळी. हे गणित २०१९ साली जगभर गाजलं आणि अजूनही कुणीतरी ते घरच्या ग्रुपवर टाकतंच. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत या वादाला तीन भाषा लाभतात. दांडिया बाजारातलं एखादं घर घ्या. आजोबा मराठी शाळेतले, क्रियांचा क्रम लक्षात ठेवायला त्यांचं 'कंचेभागुबेव': कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. बाबा गुजराती माध्यमातले, त्यांचं 'भागुसबा'. नात इंग्रजी शाळेत, तिचं 'बोडमास'. नियम एकच, तरी आजोबा म्हणतात एक आणि नात म्हणते सोळा.

त्याकडे येतोच. त्याआधी मला याहून जास्त खुपणारी एक गोष्ट.

[पडद्यावर: १० − ३ + २]

पुष्कळ मुलं इथे ५ लिहितात. का, तर कंचेभागुबेवमध्ये 'बे' आधी आणि 'व' नंतर. मग ३ आणि २ आधी मिळवायचे आणि १० मधून काढायचे. अहो, खिशात १० रुपये होते, ३ खर्च झाले, २ मिळाले, तर ९ च राहणार ना? बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून येतील तशा करायच्या. भागाकार-गुणाकाराचंही तेच. अमेरिकेतल्या शाळांत 'पेमडास' शिकवतात, त्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येतं. अक्षरांचा क्रम हाच कायदा असता, तर १२ ÷ ३ × २ चं उत्तर बडोद्यात ८ आणि न्यू जर्सीत २ आलं असतं. मुलांकडून शब्द पाठ करून घ्या, हरकत नाही. पण पायऱ्या सहा नाहीत हे त्याच दिवशी सांगा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गुणाकार बेरजेच्या आधी का, हे मात्र पटकन पटतं. २ + ३ × ४ म्हणजे २ + ४ + ४ + ४. आधी २ आणि ३ मिळवले तर पाच वेळा चार होतात, आणि पाच वेळा चार कुणी सांगितलेच नव्हते.

आता वरचं भांडण. कंसातले २ + २ म्हणजे ४, इथपर्यंत सगळे सोबत. उरलं ८ ÷ २(४). नात डावीकडून निघते: आठ भागिले दोन चार, चार चोक सोळा. आजोबा २(४) एकत्र धरतात: बे चोक आठ, आठ भागिले आठ एक.

आजोबा चुकले म्हणण्याआधी कंचेभागुबेवमधला 'चे' बघा. तो आपण पाठ करतो आणि विसरून जातो.

[पडद्यावर: १२ ÷ ६ चे १/२]

इथे सहाचे निम्मे आधी काढायचे, ३. मग १२ भागिले ३, उत्तर ४. 'चे' खोडून तिथे × लिहा. आता १२ भागिले ६ दोन, आणि त्याचे निम्मे १. 'चे' हाही गुणाकारच आहे, पण दोन संख्यांना घट्ट बांधणारा, म्हणून त्याला भागाकाराच्या वर जागा मिळाली. मधे चिन्ह न घालता आकडा कंसाला चिकटवला की डोळा तो तसाच बांधून वाचतो. बीजगणितात तर नातसुद्धा असंच वाचते. ६क्ष ÷ २क्ष चं उत्तर ती ३ लिहिते, ३ गुणिले क्षचा वर्ग नाही.

आणि हे फक्त आजोबांपुरतं नाही. 'फिजिकल रिव्ह्यू' या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाच्या सूचनांमध्ये तिरक्या रेघेच्या भागाकाराआधी गुणाकार धरलेला आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ कॅल्क्युलेटरवर हे गणित घातलं तर १ येतं, टीआय-८३ वर १६. कंपनी एकच!

माझं मत स्पष्ट आहे. शाळेत आज शिकवतात तो डावीकडून उजवीकडचा नियम काटेकोर लावला तर सोळा. पण हे गणित नीट लिहिलेलंच नाही. ÷ हे चिन्ह भागाकारासाठी १६५९ साली स्विस गणिती योहान रान यांच्या पुस्तकात छापलं गेलं. आज आयएसओ ८००००-२ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की ते वापरू नका. आडवी रेघ मारून वर-खाली लिहा. रेघेखाली काय आहे ते स्वच्छ दिसतं, रेघच कंसाचं काम करते. असं कोडं आलं की उत्तर पाठवू नका, 'कंस घालून पाठव' म्हणा.

खंडेराव मार्केटमध्ये हा वाद होत नाही. ५० रुपयांची द्राक्षं आणि ३० चे चार नारळ. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर ५० + ३० × ४ असं सरळ दाबलं तर ३२० येतात, कारण तो बटणं दाबाल तसा हिशेब करत जातो. फोनवर तेच दाबा, १७० येतील. दुकानदाराला आपलं यंत्र पक्कं ठाऊक असतं: आधी ३० × ४, एम प्लस (म्हणजे आकडा साठवून बेरजेत धरणारं बटण), मग ५०, एम प्लस.

आपल्या जुन्या गणितींनी तर क्रम शब्दांतच बांधला होता. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त एक उदाहरण आहे. एका संख्येला ३ ने गुणलं, आलेल्या गुणाकाराचे तीन चतुर्थांश त्यात मिळवले, ७ ने भागलं, भागाकारातून त्याचाच तिसरा हिस्सा काढला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, १० ने भागलं, २ आले. इतक्या क्रिया, पण कुठली आधी याची शंका कुठेही नाही. शेवटून उलटं चालत जा, संख्या २८ येते.

हेच सगळं आता चिन्हांनी एका ओळीत लिहून बघा, आणि कंस किती लागले ते मला कळवा.