गैरहजेरीचं काम

मंडळी, प्रो रेसलरची सुट्टी हा आजचा विषय जाहीर झाल्यावर एका गृहस्थांनी मला अडवून विचारलं, "त्यांचं सगळं आधी ठरलेलं असतं ना, मग त्यांना सुट्टी कशाला लागते?" प्रश्न चुकीचा नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हौसेने प्रो रेसलिंग, म्हणजे निकाल आधी ठरलेली करमणुकीची कुस्ती, बघत आलोय आणि हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. उत्तर म्हणून मी नेहमी एका रात्रीची गोष्ट सांगतो.

21 मे 2001, कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. ट्रिपल एच आणि स्टीव्ह ऑस्टिन हे रेसलर एका बाजूला, समोरच्या जोडीत ख्रिस जेरिको. जेरिकोने ऑस्टिनला पकडीत घेतलेलं. त्याला सोडवायला ट्रिपल एच धावत आला, डावा पाय रोवला आणि त्याच क्षणी त्याच्या मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, हाडापासून सुटला. कुणाचा फटका नाही, उंचावरून उडी नाही, नुसतं पाय टेकणं. पुढे काय करायचं ते आधी ठरलेलं होतं. समालोचकांच्या टेबलावर जेरिको त्याचे दोन्ही पाय धरून त्याला पालथा वाकवणार होता. ट्रिपल एचने तेही करू दिलं. निकाल ठरलेला होता, पण स्नायूला कुणी पटकथा दिली नव्हती.

शस्त्रक्रिया अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी केली. रिंगमध्ये तो परतला 7 जानेवारी 2002 ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. त्या रात्रीचा गजर तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. मला बोलायचंय ते मधल्या साडेसात महिन्यांबद्दल, कारण ते कुणी बघत नाही.

हा स्नायू पुन्हा जोडल्यावर साधारण सुरुवातीचे सहा आठवडे गुडघा सरळ बांधून ठेवतात. मग तो थोडा थोडा वाकवायला परवानगी मिळते. आम्ही कोन मोजतो: आज तीस, पुढे पंचेचाळीस. पहिला व्यायाम सांगितला तर हसाल. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून तो टॉवेल खाली दाबायचा. बस. वजन नाही, यंत्र नाही. धडधाकट, दंडावर शिरा तटतटलेली माणसं माझ्यासमोर हा व्यायाम करताना घामाघूम झालेली मी पाहिलीत. गुडघ्याला इजा झाली की मेंदूकडून मांडीच्या स्नायूला जाणारा हुकूम अडतो. माणूस स्वतःच्या मांडीकडे टक लावून बघत असतो, मनातून जोर लावत असतो आणि मांडी नुसती थरथरते. दोन-तीन आठवड्यांत ती मांडी दुसरीपेक्षा बारीक दिसायला लागते. मी टेप घेऊन माप घ्यायला लागलो की बहुतेक जण तोंड फिरवतात. शरीर हेच ज्याचं भांडवल, त्याने आरशाकडे कसं बघायचं?

"खोटं" या शब्दाबद्दल इथेच सांगून टाकतो. रिंग म्हणजे गादी नव्हे. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि ताणलेलं कॅनव्हास. पाठीवर पडण्याला त्यांच्या भाषेत 'बंप' म्हणतात आणि तो शिकावा लागतो. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग आणि पसरलेले हात एकदम आपटायचे, म्हणजे धक्का वाटला जातो. वाटला जातो, नाहीसा होत नाही. एका रात्री असे दहा-पंधरा, आणि अशा रात्री किती? फुटबॉलला हंगाम असतो, क्रिकेटलाही पूर्वी होता म्हणतात. प्रो रेसलिंगला हंगामच नाही. मोठ्या अमेरिकन कंपन्यांतले रेसलर वर्षानुवर्षं दोनशेहून जास्त दिवस रस्त्यावर असायचे. अलीकडे दौरे कमी झालेत, तरी 'आता दोन महिने सगळ्यांना विश्रांती' असं कॅलेंडरमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. त्यामुळे सुट्टी बहुधा एकाच वाटेने येते, काहीतरी तुटल्यावर.

पैशांचं थोडक्यात सांगतो. डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या मोठ्या अमेरिकन रेसलिंग कंपनीत रेसलर नोकरदार नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. रिंगमधल्या दुखापतीचा खर्च कंपनी करते आणि करारात किमान रकमेची हमी असते. तिकीटविक्री, टी-शर्ट यांतून मिळणारी वरकमाई मात्र माणूस दिसेनासा झाला की आटत जाते. काही करारांत आणखी एक मेख असते: दुखापतीत जितके महिने गेले तितका करार पुढे ढकलता येतो. म्हणजे अंथरुणावर काढलेले महिने देणं म्हणून शिल्लकच. लहान मंडळांत खेळणाऱ्यांची गोष्ट आणखी साधी. खेळलं नाही, पैसे नाहीत.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. खेळाडू जखमी झाला की संघ पत्रक काढतो आणि विषय संपतो. रेसलरचं तसं नाही. तो एक माणूस असतो आणि एक पात्रही असतो. माणूस दवाखान्यात गेला तरी पात्र कुठे गेलं, हे प्रेक्षकांना सांगावं लागतं. त्यामुळे रिंगबाहेर असतानाही त्याचं काम चालूच राहतं. गैरहजेरीसुद्धा वठवावी लागते.

एप्रिल 1976 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खलनायक स्टॅन हॅन्सनने नायक ब्रुनो सॅमार्टिनोला उचलून आपटलं, डाव चुकला आणि सॅमार्टिनोची मान मोडली. खरोखरची मोडली. प्रेक्षकांना सांगितलं गेलं की हॅन्सनच्या हाताच्या फटक्याने, त्याच्या गाजलेल्या 'लॅरिएट'ने मोडली. एक चूक झाली आणि खलनायकाला जन्मभराचं हत्यार मिळालं. दोन महिन्यांत, 25 जूनला, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर दोघे पुन्हा समोरासमोर! त्याच सुमारास जपानमध्ये बॉक्सर मोहम्मद अली आणि जपानी रेसलर अँटोनियो इनोकी यांची ती विचित्र लढत झाली आणि ती शे स्टेडियमवर पडद्यावर दाखवली गेली. मान मोडल्यावर दोन महिन्यांनी! माझ्याकडे असा पेशंट आला तर मी त्याला गाडीसुद्धा चालवू देणार नाही.

सॅमार्टिनोला निदान दोन महिने तरी मिळाले. टिम वुड्सला तेवढेही मिळाले नाहीत. हा माणूस पांढरा मुखवटा घालून 'मिस्टर रेसलिंग' या नावाने लढायचा, लोकांचा लाडका नायक. 4 ऑक्टोबर 1975 ला रेसलरना घेऊन निघालेलं एक छोटं विमान नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनजवळ इंधन संपून कोसळलं. आत जॉनी व्हॅलेंटाइन होता, त्याचे पाय कायमचे गेले. सव्वीस वर्षांचा रिक फ्लेअर होता, त्याची पाठ तीन ठिकाणी मोडली. हे दोघे खलनायक, आणि त्यांच्याच विमानात वुड्स! त्या काळी नायक आणि खलनायक एकत्र प्रवास करतात हे लोकांना कळणं म्हणजे धंद्याचं गुपित फुटणं. या गुपिताला ते 'केफेब' म्हणतात. इस्पितळात जखमी अवस्थेत वुड्सने काय केलं? आपलं खरं नाव, जॉर्ज बरेल वुडिन, सांगितलं आणि धंदा विचारल्यावर स्वतःला कार्यक्रमांचा प्रवर्तक म्हणवून घेतलं. तरी कुजबुज सुरू झालीच. मग दोन आठवड्यांत, बरगड्या आणि पाठ दुखावलेल्या अवस्थेत, मुखवटा चढवून तो रिंगमध्ये उतरला. मिस्टर रेसलिंग विमानात असता तर आज इथे कसा असता, एवढंच लोकांना दाखवायचं होतं. डॉक्टरांच्या दृष्टीने त्याला विश्रांतीची गरज होती आणि धंद्याच्या दृष्टीने त्याला दुखापत झालेलीच नव्हती.

हे शौर्य की वेडेपणा, असं मला विचारतात. मी म्हणतो, मालकांची सोय. त्याचं कौतुक जरूर करा, पण त्या रात्रीची तिकिटं कुणी विकली तेही विचारा.

केफेब पुढे विरत गेलं. 1987 मध्ये न्यूजर्सीत 'आयर्न शेक' आणि जिम डुगन हे एकमेकांचे कट्टर वैरी एकाच गाडीतून जाताना पोलिसांना सापडले तेव्हा मोठा गहजब झाला, पण दोनच वर्षांनी त्यांच्या कंपनीने त्याच राज्याच्या विधिमंडळापुढे आपला खेळ म्हणजे करमणूक आहे हे कबूल करून टाकलं. (त्यामागे नियम आणि करांपासून सुटका हवी होती, तत्त्वनिष्ठा वगैरे काही नाही.) आज सगळ्यांना सगळं माहीत असतं. तरीही गैरहजेरीचं काम संपलेलं नाही, फक्त उलटं झालंय. पूर्वी दुखापत लपवायचे, आता बरं होणं लपवतात. जॉन सीना या रेसलरचा छातीचा स्नायू ऑक्टोबर 2007 मध्ये फाटला. निदान सात महिने तरी तो दिसणार नाही असं सांगितलं गेलं. 27 जानेवारी 2008 ला रॉयल रंबलमध्ये, म्हणजे तीस रेसलर एकामागून एक उतरतात त्या सामन्यात, तिसाव्या क्रमांकावर त्याचं प्रवेशाचं संगीत वाजलं आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन क्षणभर आपण काय ऐकतोय हेच विसरलं. 'एज' नावाच्या रेसलरने 2011 मध्ये मानेच्या मणक्यांमुळे निवृत्ती घेतली, टीव्हीवर अभिनय केला आणि जवळजवळ नऊ वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये तो ह्यूस्टनला परतला. आधी बातम्या फुटल्या होत्या आणि तो त्या नाकारत राहिला होता. बरं वाटतंय हे सांगायचीही चोरी!

सीनाचं उदाहरण दिलं की माझा एखादा पेशंट हमखास म्हणतो, "बघा, तो चार महिन्यांत आला." हो, आला. पण त्याच्या दिमतीला काय होतं आणि त्याच्या शरीराने नंतर काय भरलं, याचा हिशेब त्या संगीतात ऐकू येत नाही.

स्त्री रेसलरसाठी सुट्टीचा अर्थ आणखी वेगळा होतो. बेकी लिंचने मे 2020 मध्ये रिंगमध्ये उभं राहून, हातातलं विजेतेपद सोडून, आपण आई होणार असल्याचं सांगितलं. डिसेंबरमध्ये मुलगी झाली. ऑगस्ट 2021 मध्ये लास व्हेगासला ती परतली आणि लोकांच्या लाडक्या बियांका बेलेअरला 26 सेकंदांत हरवलं. लोक वैतागले. मला ते फार आवडलं. आई झालेली बाई आता गोड गोड वागणार, ही अपेक्षा तिने पहिल्या अर्ध्या मिनिटातच मोडून टाकली.

आणि कधी कधी पात्र बाजूला ठेवावंच लागतं. 22 ऑक्टोबर 2018 ला रोमन रेन्सने माइक हातात घेऊन आपलं खरं नाव जो असल्याचं सांगितलं, अकरा वर्षांपासून ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आहे आणि तो उलटलाय, हेही सांगितलं. कित्येक वर्षं त्याची हुर्यो उडवणारं ते प्रेक्षागृह गप्प झालं. सुट्टी मागायला त्याला त्याच रिंगमध्ये यावं लागलं जिथून त्याला सुट्टी हवी होती.

मनाचं काय होतं? आठवड्याला हजारो माणसं ज्याचं नाव घेऊन ओरडतात, तो मंगळवारी सकाळी घरी टॉवेल दाबत बसलेला असतो. सोमवारच्या कार्यक्रमात त्याची जागा दुसऱ्याला मिळालेली असते, आणि तो दुसरा बहुतेक वेळा मित्रच असतो. ट्रिपल एच जायबंदी होता त्याच काळात कंपनीने नुकत्याच विकत घेतलेल्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसांचं 'आक्रमण' दाखवलं. इतकी मोठी कथा, आणि ती त्याच्याशिवाय पार पडली. वेदनाशामक गोळ्यांचा विळखा याच रिकामेपणात पडतो. 2007 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने आपल्या माजी रेसलरना व्यसनमुक्तीचा खर्च देऊ केला, यावरून रोग किती पसरला होता ते समजा.

शेवटी शॉन मायकल्स. जानेवारी 1998 मध्ये अंडरटेकरबरोबरच्या लढतीत त्याची पाठ रिंगजवळ ठेवलेल्या शवपेटीच्या कडेवर आदळली. मार्चमध्ये तो कसाबसा एक सामना खेळला, ऑस्टिनकडून हरला आणि गेला. वय 32. सगळ्यांनी धरून चाललं की संपलं. या रिकाम्या काळात, 1999 मध्ये, त्याने सॅन अँटोनियोत कुस्ती शिकवायची शाळा काढली. पहिल्या पोरांत ब्रायन डॅनियलसन नावाचा एक किडकिडीत मुलगा होता. पुढे तो डॅनियल ब्रायन म्हणून गाजला, 2016 मध्ये डोक्यावरच्या आघातांमुळे त्यालाही रिंग सोडावी लागली आणि दोन वर्षांनी डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर तोही परतला. शिक्षकाच्या सुट्टीत घडलेला विद्यार्थी!

25 ऑगस्ट 2002 ला मायकल्स परत उतरला. एकच सामना, असं ठरलं होतं. समोर कोण? मांडी जोडून घेऊन आलेला ट्रिपल एच. हे दोघे खाजगी आयुष्यात जिवलग मित्र. सामन्याची कथाच अशी रचलेली की ट्रिपल एचने मायकल्सच्या पाठीवर, त्याच दुखऱ्या पाठीवर, पुन्हा पुन्हा वार करायचे. गुडघ्यावर आडवं घेऊन पाठ मोडायची, खुर्ची घालायची. तो सामना मी बऱ्याच वेळा पाहिलाय आणि दर वेळी पाहतो ते ट्रिपल एचचे हात. मित्राला खाली सोडताना ते कुठे सैल पडतात, कुठे घट्ट होतात. साडेचार वर्षांनी कंपनीच्या सामन्यात पहिला बंप घेताना मायकल्सची हनुवटी छातीला टेकलेली असते आणि दोन्ही हात वेळेवर कॅनव्हासवर आपटतात.

प्रश्नोत्तरांत मांडीच्या व्यायामाबद्दल विचारलंत तरी चालेल. टॉवेल आणलाय.