होडी आलीच नाही

श्रोतेहो, नमस्कार. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीजच्याही पलीकडे भर समुद्रात सेंट किल्डा नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातलं मोठं बेट हिर्टा. 29 ऑगस्ट 1930 रोजी तिथले 36 जण जहाजात चढले आणि गाव ओस पडलं. छत्तीस जण. अख्ख्या गावात उरले होते तेवढेच. तरुण निघून जात होते, आजारपणात कुणी वाली नव्हता. शेवटी त्यांनीच अर्ज केला, आम्हाला इथून न्या.

निघताना घराघरांत बायबल उघडं ठेवलं आणि शेजारी ओटचे थोडे दाणे, असं सांगतात. मला हे फार भावतं. घर कायमचं सोडायचं असलं तरी झाडून-आवरून सोडावं. भाड्याचं असलं तरीही, हे मी नेहमी सांगते.

आज तिथे एका ओळीत घरांच्या भिंती आहेत, बहुतेकींवर छप्पर नाही. आणि आहेत क्लेट. शब्द लक्षात ठेवा, क्लेट. चुना नाही, गारा नाही, नुसते दगडावर दगड रचलेलं बुटकं कोठार, माथ्यावर गवतासकट मातीचा थर. फटींतून वारा खेळायचा, आतलं पक्ष्यांचं मांस सुकायचं. एकट्या हिर्टावर बाराशेच्या वर क्लेट आहेत.

आता शेजारच्या सुळक्याची गोष्ट. स्टॅक अ‍ॅन आर्मिन, समुद्रातून सरळ 196 मीटर वर आलेला. 1727 च्या ऑगस्टात तीन पुरुष आणि आठ मुलगे तिथे उतरले. गॅनेट पक्षी धरायचे, थोड्या दिवसांनी होडी न्यायला येणार. होडी आलीच नाही. दिवस गेले, महिने गेले, होडी नाही. गावात देवीची साथ शिरली होती, वल्ही मारायला धडधाकट माणसं उरली नव्हती. वर दगडी खोपटात अकरा जण दाटीवाटीनं बसलेले. झाड नाही, शेत नाही. पक्षी आणि मासे खाऊन त्यांनी अख्खा हिवाळा काढला. होडी आली ती पुढच्या मे महिन्यात. अकराच्या अकरा जिवंत होते! सुळक्यावर अडकले म्हणूनच देवीतून वाचले.

किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी दार उघडायला कुणी नव्हतं.