केमोआधी सांगा, तुम्हाला गाडी लागते का?

श्रोतेहो, नमस्कार.

वणीच्या गडावर जाताना घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांनी केमोथेरपी सुरू व्हायच्या आधी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. हसण्यावारी नेऊ नका. प्रवासात मळमळणं, गरोदरपणी उलट्यांनी हैराण झालेलं असणं, वय कमी असणं, या सगळ्यांनी केमोनंतर उलट्या होण्याची शक्यता वाढते. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास जास्त. नेहमी दारू पिणाऱ्यांना मात्र कमी होतो, पण यातून कुणी सोयीचा अर्थ काढू नये!

केमोचं औषध अंगात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. तो निरोप नसेवाटे मेंदूपर्यंत जातो आणि उलटी होते. ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध हा निरोप वाटेतच अडवतं. नव्वदच्या दशकात ते वापरात आलं आणि केमो पुष्कळ सुसह्य झाली. उलटीवर आधी काही दिलं नाही, तर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांहून अधिकांना उलट्या होतात. आज ऑन्डान्सेट्रॉनची गोळी नाशिकच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते.

तरीही काहींना ती लागू पडत नाही. कळवणकडच्या एका ताईंचं असंच झालं. घरचे म्हणायचे, "जरा मन घट्ट कर, सगळ्यांनाच होतं." ताईंनी मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर वेळा लिहून आणल्या. गोळी आठला, उलटी साडेदहाला, दुपारी कोरड्या उलट्या, संध्याकाळी भाताचा वासही नको. ते पान बघून डॉक्टरांनी केमोच्या पुढच्या सायकलला उलटीचं औषध बदललं आणि त्रास बराच उतरला. त्यांची जनुकीय तपासणी झाली नव्हती, त्यामुळे दोष जनुकाचाच होता असं मी म्हणणार नाही. पण तसं असू शकतं.

कसं, ते सांगतो. यकृतात सीवायपी-टू-डी-सिक्स नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ऑन्डान्सेट्रॉन मोडून टाकण्यात त्याचा वाटा असतो. ते बनवणाऱ्या जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. काहींच्यात मात्र तीन किंवा त्याहून जास्त निघतात. द्राक्षाच्या खुड्याला दुप्पट मजूर लावले, तर बाग दुपारच्या आतच रिकामी होणार. तसंच इथे औषध काम पुरं व्हायच्या आत संपतं. जर्मनीत 270 कर्करोगी रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, जो 2002 साली प्रसिद्ध झाला, औषध असं झटपट मोडणाऱ्या लोकांना उलट्या जास्त झाल्या. पुढे 2017 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी लिहून ठेवलं की, तपासणीत माणूस असा निघाला तर ग्रॅनिसेट्रॉनसारखं औषध द्यावं, कारण ते मोडायचं काम या विकराकडे नसतं.

ही तपासणी आपल्याकडे सरसकट होत नाही, आणि व्हावी असा माझा आग्रहही नाही. त्याआधी औषध बदलून बघता येतं. अॅप्रेपिटंट आहे, डेक्सामेथासोन आहे, ओलान्झापिन आहे. ओलान्झापिन मूळचं मानसिक आजारांचं, त्यामुळे चिठ्ठीवर ते दिसलं की लोक दचकतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये 10 मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि गुंगी कमी आली.

एक मात्र करू नका. गोळी लागू पडत नाही म्हणून आपल्या मनाने दुसरी, तिसरी घेऊ नका. ऑन्डान्सेट्रॉन जास्त झालं तर हृदयाची लय बिघडू शकते, आणि बद्धकोष्ठ तर नेहमीच्या डोसानेही होतं. त्यापेक्षा कळवणच्या ताईंसारख्या वेळा लिहा. उलटी पहिल्या चोवीस तासांत झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हेही लिहा, कारण दोन्हींची औषधं वेगळी असतात. सोबत चालू असलेल्या बाकीच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नैराश्यावरच्या काही गोळ्या याच विकराला मंद करतात, आणि डॉक्टरांना त्याचा हिशेब धरावा लागतो.