व्हिएन्नात, सावकाश

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी एका शहराबद्दल बोलणार आहे, आणि दोघांनी तिथे कसं राहावं याबद्दल. शहर व्हिएन्ना, ऑस्ट्रियाची राजधानी. आपल्याकडे युरोप म्हटलं की बसची सहल डोळ्यांपुढे येते. पंधरा दिवस, सात-आठ देश, सकाळी बॅगा दाराबाहेर आणि आठच्या ठोक्याला बस. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याला, तिथली भाषा न येणाऱ्याला या सहलींनी मोठा आधार दिला आहे. आमचीही पहिली सफर तशीच झाली आणि ती सुखाची झाली. पण मुलं मार्गी लागली, यांची नोकरी संपली, तेव्हा मी यांना म्हटलं, या वेळी एकच शहर बघू या. एकाच घरात मुक्काम, दिवसाला एकच गोष्ट पाहायची, आणि उरलेला दिवस आपला.

व्हिएन्नाच का, तर हे शहर बसलेल्या माणसाला उठवत नाही. तिथलं कॉफीहाउस बघा. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, लाकडी दांडीत अडकवून टांगलेली वर्तमानपत्रं. काळ्या कोटातला वेटर येतो, आपण ‘मेलांज’ मागवायची, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी. ती धातूच्या छोट्या ट्रेमधून येते, सोबत पाण्याचा पेला. आणि मग कुणी काही म्हणत नाही. एका कपावर दोन तास बसा, तीन तास बसा. तुम्ही मागितल्याशिवाय बिल येत नाही. 1685 साली तिथे पहिलं कॉफीहाउस निघालं, ते चालवणारा आर्मेनियन व्यापारी होता. ही बसण्याची रीत त्या लोकांना इतकी मोलाची वाटते, की 2011 साली ऑस्ट्रियाने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिची नोंद केली. आम्हाला आवडलं ते 1880 साली सुरू झालेलं ‘कॅफे श्पेर्ल’. तिथे अजून बिलियर्डची टेबलं आहेत.

पहिल्या सकाळी आम्ही तिथे बसलो आणि घरचे सगळे विषय अर्ध्या तासात संपले. सोसायटीचं वॉटरप्रूफिंग, मुलीची बदली, गॅसची बुकिंग. मग दोघंही गप्प. आणि मग हे आपणहून बोलू लागले, सांगलीच्या होस्टेलच्या दिवसांबद्दल, रूमवर शिकवणी घेऊन फी भरल्याबद्दल. इतकी वर्षं संसार केला, पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. घरी असतो तेव्हा मध्येच कुकरची शिट्टी होते, दारात कुणीतरी येतं, फोन वाजतो. तिथे तसं काही होत नाही, म्हणून बोलणं खोल जातं. मला वाटतं, दोघांनी सुट्टीवर जायचं ते मुख्यतः याच्यासाठी.

त्या पाण्याच्या पेल्याबद्दलही सांगायलाच हवं. व्हिएन्नात नळाला जे पाणी येतं ते आल्प्सच्या झऱ्यांचं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या विहिरी दूषित झाल्या होत्या, कॉलरा आणि विषमज्वर यांनी माणसं मरत होती. तेव्हा एडुअर्ड झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञाने शहराच्या नगरसभेत आग्रह धरला, की पाणी नदीतून उपसायचं नाही, डोंगरातून आणायचं. 1873 साली ती जलवाहिनी सुरू झाली, 1910 साली दुसरी. पंप न लावता, नुसत्या उतारावरून हे पाणी शहरात पोचतं. उद्घाटनासाठी श्वार्त्सेनबर्ग चौकात जे कारंजं उडवलं, ते आजही उडतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या कुणालाही त्या कारंज्याजवळ थोडं थांबावंसं वाटेल. आम्ही तर बराच वेळ थांबलो. आणि बाटलीबंद पाणी आम्हाला विकत घ्यावं लागलं नाही.

शहराभोवती पूर्वी तट होता. सम्राट फ्रान्झ जोसेफने 1857 साली तो पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी रुंद गोलाकार रस्ता झाला, रिंगस्ट्रासे. संसद, नगरभवन, विद्यापीठ, ऑपेरा, संग्रहालयं, सगळं त्याच रस्त्यावर. पायी फिरायचं तर पाचेक किलोमीटर होतात, पण खिडकीजवळची जागा मिळाली तर ट्रामसारखं सुख नाही.

राजवाडे आणि आकाशपाळणे यांवर मी फार वेळ घेत नाही. शोनब्रुन राजवाड्यात 1441 खोल्या आहेत. त्यातल्या थोड्याच बघायला खुल्या आहेत आणि तेवढ्या पुरतात. आम्हाला खरा आनंद त्याच्या मागच्या बागेत मिळाला, जिथे तिकीट लागत नाही आणि गावातली माणसं सकाळी पळायला येतात. प्राटर बागेतला जवळजवळ 65 मीटर उंच पाळणा 1897 सालचा आहे. तो अगदी संथ फिरतो, त्यामुळे उंचीची भीती वाटणाऱ्यांनीही बसायला हरकत नाही.

चित्रांचं मात्र सविस्तर सांगते. कलेतिहासाचं जे मोठं संग्रहालय आहे, त्यात पीटर ब्रूगल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं जगातलं सगळ्यात मोठं संकलन आहे. आम्ही ठरवून फक्त त्या एका दालनात गेलो. तिथे शेतकऱ्यांच्या लग्नाचं एक चित्र आहे. धान्याचं कोठार, मागे पेंढ्यांची गंजी रचलेली, लांबलचक टेबलाशी दाटीवाटीने बसलेली माणसं. बिजागरीतून काढलेलं दार आडवं धरून दोघं जण त्यावरून लापशीचे वाडगे आणताहेत. पुढ्यात एक मूल, टोपी डोळ्यांवर आलेली, बोट चाटत बसलंय. पुंगीवाला वाजवायचं सोडून त्या वाडग्यांकडे बघतोय. नवरी हात जुळवून, डोळे मिटून स्वस्थ बसली आहे. मला आमच्या आजोळच्या लग्नातली पंगत आठवली, वाढपी, ओरडाआरडा, सगळ्यांत मुकाट बसलेली नवरी.

आम्ही समोरच्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, “अगं, नवरा कुठे आहे यात?” शोधू लागलो. हा असेल, नाही, तो वाढतोय तो असेल. तज्ज्ञांचंही त्यावर एकमत नाही. मग यांनीच दाखवलं, की दार धरलेल्या माणसांच्या खाली पाय मोजले तर एक पाय जास्तीचा निघतो. धावत संग्रहालय पाहिलं असतं तर आम्ही त्या चित्रापुढून अर्ध्या मिनिटात गेलो असतो. शेजारीच त्याचं 1565 सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र आहे. थकलेले शिकारी, माना खाली घातलेली कुत्री, आणि खाली दरीत गोठलेल्या तळ्यावर खेळणारी चिमुकली माणसं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं.

संगीत तर या शहराच्या हाडात आहे. स्टेट ऑपेराची इमारत 1869 सालची. मार्च 1945 मध्ये बाँबने ती जळाली आणि नोव्हेंबर 1955 मध्ये पुन्हा उघडली. तिथे उभ्याने ऐकायची तिकिटं अगदी स्वस्त मिळतात. आपली जागा राखायला लोक कठड्याला रुमाल बांधून ठेवतात, आणि त्या रुमालाचा मान सगळे राखतात. मला गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा आम्ही मध्यंतरापर्यंत ऐकलं आणि निघालो. तेवढंही भरपूर होतं.

एक गोष्ट आपल्या देशाची. सुभाषचंद्र बोस 1933 साली औषधोपचारासाठी युरोपात आले आणि व्हिएन्नात राहिले. पुस्तकाच्या कामासाठी मदतनीस हवी होती, म्हणून 1934 साली एमिली शेंकल यांच्याशी ओळख झाली, आणि पुढे त्या दोघांनी लग्न केलं. मुलगी अनिता व्हिएन्नातच 1942 साली जन्मली. 1943 च्या फेब्रुवारीत सुभाषबाबू पाणबुडीने पूर्वेकडे निघाले, ते परत भेटले नाहीत. एमिलीबाईंनी नोकरी करून मुलीला एकटीने वाढवलं. त्या 1996 पर्यंत जगल्या. रिंगस्ट्रासेवर फिरताना मला त्यांची फार आठवण येत होती.

शेवटी एक वाट सांगते, ती चुकवू नका. डी क्रमांकाची ट्राम नुसडॉर्फला संपते. तिथून ओढ्याकाठाने एक पायवाट जाते. संगीतकार बीथोव्हन या भागात फिरायचा, म्हणून तिला त्याचं नाव दिलं आहे. जवळच हायलिगेनश्टाट. तिथे 1802 साली, वयाची बत्तीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा, आपण बहिरे होत चाललो आहोत हे त्याने भावांना उद्देशून लिहून ठेवलं. ते पत्र त्याने कधी पाठवलं नाही, मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडलं. वाट पुढे द्राक्षमळ्यांत चढते. राजधानीच्या हद्दीत असे शेकडो हेक्टर मळे आहेत, आणि मळेवाल्यांनी आपली वाइन आपल्याच अंगणात विकावी ही मुभा 1784 साली सम्राट दुसऱ्या जोसेफने दिली. दारावर पाइनची डहाळी टांगलेली दिसली की समजायचं, आज अंगण उघडं आहे. लाकडी बाक, पाव, चीज, बटाट्याचं सॅलड. न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस मिळतो. यांनी वाइन घेतली, मी रस घेतला, आणि दुपार तिथेच गेली. समोर सगळं शहर दिसतं, मध्ये सेंट स्टीफनच्या देवळाचा 136 मीटरचा मनोरा.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मे किंवा सप्टेंबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, त्याच्या भेटीची वेळ खूप आधी घ्या. उतरायला स्वयंपाकघर असलेली जागा बघा, म्हणजे संध्याकाळी वरण-भात करता येतो. मेट्रोच्या स्टेशनवर फाटकं नाहीत, पण तिकीट मात्र खिशात असू द्या, तपासनीस येतात. आणि रविवारी बहुतेक सगळी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध, पाव आणि भाजी शनिवारी दुपारीच आणून ठेवा.

नमस्कार.