कुत्रा कोसळतो तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

गोव्यातल्या फोंड्यात, डिचोलीत, सत्तरीत राखणीचा कुत्रा नाही असं घर शोधावं लागेल. असा एखादा कुत्रा अंगणात धावता धावता आडवा होतो आणि अर्ध्या मिनिटात उठून शेपटी हलवू लागतो. "फेफरं आलं असणार," म्हणून घरचे विषय सोडून देतात. कृपा करून सोडू नका. कदाचित ती हृदयाने दिलेली सूचना असेल. डॉबरमन आणि बॉक्सर या जातींत तर पुढचा झटका जीवही घेऊ शकतो.

अडचण अशी की दवाखान्यातला ईसीजी काही मिनिटांचाच असतो, आणि त्या वेळी कुत्रा ठणठणीत असतो. ठोक्यांची सतत नोंद घेणारं, अंगावर बांधायचं होल्टर यंत्र लावलं तरी एखाद-दोन दिवसांची नोंद मिळते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पडणाऱ्याचं काय करायचं?

त्यासाठी हृदयाचे ठोके नोंदणारा, कातडीखाली बसवायचा रेकॉर्डर असतो. तो मुळात माणसांसाठी बनलेला. त्यातल्या एका नमुन्याचं वजन फक्त 2.5 ग्रॅम, आणि बॅटरी सुमारे 3 वर्षं चालते. छातीवर बारीकसा छेद देऊन तो आत सरकवतात, हृदयात तार घालावी लागत नाही. तो जुनी नोंद पुसत नवी घेत राहतो. ठोके फार मंदावले, फार वाढले किंवा थांबले, की तेवढा भाग राखून ठेवतो. डॉक्टर तो बिनतारी वाचतात.

मात्र निरोगी कुत्र्याचे ठोकेही श्वासाबरोबर कमीजास्त होतात. माणसाच्या मापाने लावलेलं यंत्र त्यालाच आजार समजतं आणि नको त्या नोंदींनी भरून जातं. म्हणून कुत्र्यासाठी मर्यादा वेगळ्या ठरवाव्या लागतात. अमेरिकेत काळ्या अस्वलांनाही असे रेकॉर्डर बसवले गेले. शीतनिद्रेत त्यांच्या दोन ठोक्यांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडलेलं आढळलं, आणि अस्वलाला ते सोसतं. जागा, धावता कुत्रा मात्र एवढ्या खंडाने बेशुद्ध पडतो. ठोके थांबत असतील तर पेसमेकर, बेफाम वाढत असतील तर औषधं. निदानाशिवाय दोन्हींतलं काहीच देता येत नाही.

हे यंत्र महाग आहे, सगळ्यांना परवडणार नाही. पण मोबाइल घरोघरी आहे. कुत्रा पडला की व्हिडिओ काढा, हिरड्या पांढुरक्या झाल्या का बघा, आणि त्याआधी तो धावत होता, खोकत होता की झोपला होता, ते लिहून ठेवा. उठल्यावर लगेच ओळख देतो की बराच वेळ भांबावलेला राहतो, हेही सांगा. फेफरं की हृदयामुळे आलेली मूर्च्छा, हे ठरवताना पशुवैद्य आधी तेच विचारतील.